पाऊस कधी की ओ? हवामान अंदाजाबद्दल सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी खुलासा. मी हवामान खात्यात नाही, कधी नव्हतो. जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि खात्याचं बुलेटिन वाचून मग चहा प्यायचा, एवढाच माझा अधिकार. पण तेवढ्यावर नात्यागोत्यात मी ‘पावसाचा माणूस’ ठरलोय. रोहिणी नक्षत्र निघालं की फोन सुरू होतात ते परतीचा पाऊस जाईपर्यंत. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. वाचा, मग फोन करा.

पाऊस कधी येणार तेवढं सांगा. बाकीचं नको.

‘बाकीचं’ म्हणजेच अंदाज असतो हो. खात्याच्या बुलेटिनमध्ये लिहिलेलं असतं, ‘सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस होण्याची शक्यता’. आपण त्यातलं ‘सोलापूर’ आणि ‘पाऊस’ एवढंच उचलतो. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द शोभेला घातलेत असं आपल्याला वाटतं. पण त्याचं माप ठरलेलं आहे. एखाद्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. पाव ते निम्म्या केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’. निम्म्याच्या पुढे पाऊणपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याच्याही वर ‘बहुतांश ठिकाणी’.

म्हणजे ‘तुरळक ठिकाणी’ वाचून तुम्ही आभाळाकडे बघत बसलात आणि थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असं नाही. जिल्ह्यातल्या बहुतेक गावांना पाऊस मिळणार नाही, असंच तो सांगत होता. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुके, जवळपास पंधरा हजार चौरस किलोमीटरचा पसारा. एवढ्यात कुठंतरी पडलेला असतोच. फक्त तो तुमच्या बांधावर पडलेला नसतो.

विजापूर रोडला गुडघाभर पाणी आणि होटगी रोडला धूळ. हे एकाच शहरात कसं?

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळची गोष्ट. सात रस्त्याला असा भिजलो की खिशातली दहाची नोटसुद्धा पिळावी लागली. गाडी तशीच दामटत आसरा चौकात आलो तर रस्ता कोरडा ठणठणीत. पानटपरीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काका, कुठं पोहायला गेलता का?’ दुसऱ्या दिवशी गच्चीवरचं माप बघितलं तर शून्य. वहीत शून्यच लिहिलं. अंगावर पडलेला पाऊस वहीत धरत नाहीत.

वळवाचा किंवा परतीचा गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि एक ढग साधारण तासाभराचा धनी. दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, ढग फुगतो, पडतो, संपतो. तो नेमका कुठल्या पेठेवर फुगणार हे आदल्या दिवशी सांगणं म्हणजे कढईतला पहिला बुडबुडा कुठं येणार ते तेल तापायच्या आधी सांगणं.

संगणकाची अडचण वेगळीच. अंदाजाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं. आपल्याकडचं जागतिक मॉडेल बरीच वर्षं बारा किलोमीटरच्या चौकोनावर चालत होतं. म्हणजे एक चौकोन १४४ चौरस किलोमीटरचा. सोलापूर महापालिकेची हद्द साधारण १७८. अख्खं शहर त्या मॉडेलच्या लेखी सव्वा चौकोन! त्यात विजापूर रोड आणि होटगी रोड हा भेद करायला जागाच नव्हती. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. आता शहराच्या वाट्याला पाचेक चौकोन येतात. फरक आहेच, पण तुमच्या गल्लीचा अंदाज अजून कुणाकडे नाही.

चंद्रावर यान उतरवता येतं आणि साधा पाऊस सांगता येत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खात्याला पकडल्याचा आनंद असतो.

चंद्र शिस्तीचा आहे. त्याची वाट गणितानं काढता येते, म्हणून तर ग्रहण कुठल्या मिनिटाला लागणार ते कितीतरी वर्षं आधी छापता येतं. हवेचं तसं नाही. एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६१ च्या सुमारास संगणकावर हवेचं छोटं मॉडेल चालवलं होतं. त्यातला एक भाग पुन्हा बघायचा म्हणून त्यानं मधला आकडा हातानं भरला. मूळ आकडा होता ०.५०६१२७, कागदावर छापलेला होता ०.५०६, आणि त्यानं तोच भरला. कॉफी पिऊन येतो तर पुढचं हवामान निराळंच झालेलं. इतक्या बारीक फरकानं जर एवढं होत असेल, तर आपल्याला आज या क्षणी अरबी समुद्रावरची, बंगालच्या उपसागरावरची, बालाघाटाच्या डोंगरावरची हवा किती अचूक माहीत असते याचा विचार करा. समुद्रावर मोजणारी साधनं कमी, उपग्रह वरून जेवढं दिसतं तेवढं सांगतो. सुरुवातीचीच चूक दिवसागणिक फुगत जाते.

आणि गंमत म्हणजे चांद्रयान उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला. आपण टीव्हीपुढं टाळ्या वाजवत होतो, तो ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट होता.

मग किती दिवसांचा अंदाज धरून चालायचं?

एक-दोन दिवसांच्या अंदाजावर कामं ठरवा. तीन ते पाच दिवसांच्या अंदाजावर कामांची तयारी ठेवा. आठवड्याच्या पुढचं वाचा, पण त्यावर पैसे लावू नका. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकत असेल तर चार-पाच दिवस आधीही बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, कारण तो पाऊस मोठ्या आकाराचा असतो. नुसत्या उकाड्यानं तयार होणारा ढग मात्र आदल्या दिवशीही चकवतो. अंदाज किती दिवसांचा आहे यापेक्षा पाऊस कुठल्या जातीचा आहे, ते आधी बघा.

अ‍ॅपवर चाळीस टक्के दाखवतंय. म्हणजे येणार की नाही?

म्हणजे चाळीस टक्के. राग मानू नका, उत्तर खरंच तेवढंच आहे.

मॉडेल एकदाच चालवत नाहीत. सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून तेच मॉडेल अनेक वेळा चालवतात. दहापैकी चार वेळा तुमच्या भागात पाऊस निघाला तर ढोबळमानानं चाळीस टक्के. चाळीस टक्के वेळ पाऊस पडेल, चाळीस टक्के गावात पडेल किंवा चाळीस मिलिमीटर पडेल, यातलं काहीही त्याचा अर्थ नाही.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही. मंगळवेढ्याकडं माझ्या आत्तेभावाची काळी रानं आहेत. मालदांडी ज्वारी उपटून रानात आडवी टाकलेली, कणसं मोडायची राहिलेली, मजूर दोन दिवसांनी येणार. दादाचा फोन आला, ‘दोन दिवस उघड्यावर राहू दे का?’ मी सगळं बघून सांगितलं, ‘वीस टक्के आहे दादा.’ तो ‘बरं’ म्हणाला. दुसऱ्या रात्री पाऊस झाला. ज्वारी काळी पडली, कडब्याला वास सुटला. नंतर भेटला तेव्हा ओरडला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, ‘तू नाही म्हणला होतास.’

मी नाही म्हणालो नव्हतो. पण त्यानं ‘नाही’ ऐकलं, आणि चूक माझी होती. वीस टक्के म्हणजे अशा पाच वेळांपैकी एकदा भिजणार. मी त्याला टक्का सांगून मोकळा झालो. विचारायचं होतं ते हे, की भिजली तर किती जाईल, आणि आजच ताडपत्री भाड्यानं आणली तर किती लागतील? पोत्यांचा हिशेब आणि ताडपत्रीचा हिशेब शेजारी शेजारी मांडला असता तर वीस टक्क्यांनाही ताडपत्रीच आणली असती. आता कुणी टक्के विचारले की मी आधी विचारतो, ‘काय उघड्यावर आहे?’ वाळवणाच्या कुरडया असतील तर एक उत्तर, बेदाणा असेल तर दुसरं.

तीन अ‍ॅप तीन गोष्टी सांगतात. खरं कुठलं?

एकाच्या मागं अमेरिकी मॉडेल असतं, दुसऱ्याच्या मागं युरोपीय, तिसऱ्याच्या मागं आणखी काही. शिवाय दिवसातून दोन-चारदा ताजी निरीक्षणं घालून गणित नव्यानं मांडतात, म्हणून सकाळचा ढग दुपारी स्क्रीनवरून गायब होतो. ती लबाडी नाही. तिन्हींचं जमत असेल तर भरवसा वाढवा, जमत नसेल तर ‘आज कुणालाच नक्की माहीत नाही’ ही सुद्धा माहितीच आहे. मी स्वतः खात्याचं बुलेटिन आणि ‘मौसम’ अ‍ॅप बघतो. विजांसाठी ‘दामिनी’. रानात असणाऱ्यांनी दुसरं काही नाही तरी हे एक फोनमध्ये ठेवा.

एप्रिलमध्ये ‘सरासरीच्या १०० टक्क्यांवर’ म्हणतात आणि आमच्याकडं टँकर चालू. थट्टा आहे का?

ती टक्केवारी अख्ख्या देशाची, आणि जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांची मिळून असते. देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर धरतात. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की ‘सर्वसाधारण’. आपल्या जिल्ह्याचा वर्षाचा पाऊसच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीनं अडवून, पिळून घेतलेल्या वाऱ्यांतलं उरलंसुरलं आपल्याला मिळतं. आसामात धो धो आणि सांगोल्यात फुफाटा असतानाही देशाचा आकडा शंभर भरू शकतो.

शिवाय देशाचा आकडाही चुकतो. २००२ साली १०१ टक्के सांगितला होता, पडला ८१ टक्के. जुलै कोरडा गेला आणि गणित कोसळलं. उलटंही होतं. १९९७ चा एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) शतकातल्या सर्वात जोरकस एल निनोंपैकी एक होता, सगळे धास्तावलेले, आणि देशात पाऊस झाला १०२ टक्के. म्हणून ‘यंदा एल निनो, दुष्काळ पक्का’ असं छातीठोक सांगणाऱ्याला मी १९९७ विचारतो. बहुतेक जण विषय बदलतात. पण २०२३ ला एल निनो होता आणि त्या वर्षी आपण काय भोगलं, तेही विसरायचं नाही. एल निनोनं दुष्काळाची शक्यता वाढते. पक्का होत नाही.

मान्सून आला म्हणे टीव्हीवर. पेरू का?

थांबा. मान्सून ‘आला’ हे खात्याचं वाक्य आहे. त्याचे निकष वारे, ढग, पाऊस असे मोठ्या पट्ट्यावरचे असतात. तुमच्या रानात ओल किती गेली हे त्यात नसतं.

२०२५ ची गोष्ट ताजी आहे. केरळात २४ मे रोजी दाखल, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी, आणि दोन दिवसांत मुंबईपर्यंत. चॅनेलवाल्यांना आनंद आवरेना. आणि मग मे संपता संपता मान्सूनची आगेकूच जी अडली ती जूनच्या मध्यापर्यंत. अशा मधल्या उघडिपीतच दुबार पेरणीची वेळ येते. बियाणं गेलं, खत गेलं, ट्रॅक्टरचं भाडं गेलं, आणि दुकानदाराची उधारी तेवढी उगवली.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हे धरा. पाऊस पडून गेला, वाफसा आला, पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज बरा आहे, मग पेरा. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून पेरू नका. मला माहीत आहे की सगळ्यात जास्त घाई तिथूनच येते. शेजारच्या रानात तिफण चालू झाली की माणसाचा पाय घरात ठरत नाही. कोरडवाहू शेती संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच आहे, आणि जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस आणि कुठल्या पिकाला काय करायचं ते दोन्ही असतं. फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी वाचत नाही.

यूट्यूबवर एक जण तारखेसकट सांगतो. त्याचं खरं होतं की!

होणारच. आपल्या जिल्ह्यात सप्टेंबर हा सर्वात पावसाचा महिना. ‘१२ ते १६ सप्टेंबरदरम्यान सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड भागात पाऊस, काही ठिकाणी जोरदार’ असं मीही डोळे मिटून सांगतो. कुठं ना कुठं पडतोच. ज्या गावात पडला तिथले लोक व्हिडिओखाली ‘साहेब, एक नंबर’ लिहितात, आणि ज्यांच्याकडं पडला नाही ते पुढचा व्हिडिओ बघतात.

तपासायचं असेल तर सोपं आहे. वहीत दोन रकाने करा. त्यानं पाऊस सांगितलेले दिवस आणि न सांगितलेले दिवस. तुमच्याच गावात किती पडला ते पुढं लिहा. न सांगितलेल्या दिवशी पडलेला पाऊसही मोजा, तो सगळे विसरतात. एक हंगाम एवढं करा, मग माझ्याशी भांडायला या. काही जण अभ्यास करून सांगतात, खात्याचे नकाशे वाचून सोप्या भाषेत मांडतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘शक्यता’ म्हणणाऱ्याला आपण भित्रा ठरवतो आणि तारीख ठोकणाऱ्याला देव मानतो. बाजारात जे खपतं तेच विकायला येणार.

पंचांगातलं नक्षत्र-वाहन खोटं का मग?

पंचांगाविषयी सोलापुरात जपून बोलावं लागतं. महाराष्ट्रभर घराघरांत असणारं दाते पंचांग आपल्या सोलापूरचं. ग्रहण, तिथी, सूर्योदय या गणितात त्याला तोड नाही.

नक्षत्र आणि वाहन या दोन गोष्टी मात्र वेगळ्या करा. पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्याचं कॅलेंडर. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवस असतो. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो, सप्टेंबरअखेर हस्त. म्हणजे ‘हत्तीचा पाऊस’ हा शेकडो वर्षांच्या अनुभवानं बांधलेला ऋतूचा अंदाज आहे, आणि आपली रब्बी ज्वारी त्याच अंदाजावर पिढ्यान्‌पिढ्या पेरली गेली. ‘पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ यात शेतीचं शहाणपण आहे. मघांची म्हण तर याहून ठसठशीत आहे, पण ती इथं लिहीत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. एक मात्र आहे, नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानानं साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकतात. पणजोबांचा मृग आणि आपला मृग यांत दिवस-दीड दिवसाचा फरक पडलाच.

वाहनाचं गणित निराळं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, म्हैस ठरवायचं. यात ना वारा आहे ना समुद्र. आणि वाहन बेडूक आलं की महाबळेश्वरलाही बेडूक, मंगळवेढ्यालाही बेडूक. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, इथं साडेपाचशे. एका बेडकानं दोन्हीकडं कसं पुरं पडायचं?

आणि गड्ड्यातली वासराची भाकणूक?

मी दरवर्षी जातो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, संक्रांतीच्या वेळी होमविधी झाला की दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. पुढं गूळ, खोबरं, ऊस, बोरं, गाजरं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, मलमूत्र करतं का यावरून वर्षाचं पाऊसमान आणि बाजारभाव सांगतात. थंडीत कुडकुडत, खांद्याला खांदा लावून माणसं त्या वासराकडं अशी टक लावून बघतात की खात्याच्या महासंचालकांना हेवा वाटावा.

माझं मत विचाराल तर त्या गर्दीत कुणीही वासराच्या भरवशावर बियाणं घेत नाही. यात्रा आहे, मान आहे, नव्या वर्षाबद्दल चांगलं ऐकायची इच्छा आहे. आणि भाकणूक चुकली म्हणून जूनमध्ये वासराला शिव्या घालताना मी कुणाला ऐकलेलं नाही. त्या सगळ्या खात्याच्या वाट्याला येतात.

ऑरेंज अलर्ट दिला, शाळा बंद ठेवल्या, आणि कडक ऊन पडलं. जबाबदार कोण?

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा. रंग ठरवताना पाऊस किती, याच्यासोबत तो होण्याची शक्यता किती आणि झाल्यास नुकसान किती, हेही बघतात. शिवाय इशारा जिल्ह्याचा असतो. करमाळ्यात झोडपलं आणि सोलापुरात ऊन पडलं तरी तो बरोबर ठरतो.

पण मान्य, पुष्कळदा कुठंच काही होत नाही. इशारा देणाऱ्यापुढं दोन चुका असतात, नसताना सांगणं आणि असताना न सांगणं. पहिलीत शाळेचा एक दिवस जातो. दुसरीत काय जातं ते आपण बघितलंय. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र काकिनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि तेलंगण, कर्नाटक ओलांडत आपल्या डोक्यावरून पश्चिमेला गेलं. १४ तारखेला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचे जीव गेले. अशा दिवसापुढं फुकट गेलेल्या दहा सुट्ट्या मला महाग वाटत नाहीत.

आणि एक गोष्ट सप्टेंबर २०२५ नं शिकवली. सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला, माढा, मोहोळ, उत्तर-दक्षिण सोलापुरातली गावंच्या गावं पाण्यात गेली. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मोहोळच्या बाजूचे. ते सांगत होते, ‘पाऊस थांबला होता हो, चांदण्या दिसत होत्या, आणि पाणी चढत होतं.’ सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. तिकडं, बीडकडं, धाराशिवकडं पडलेलं बरंच पाणी तिच्यातूनच येतं. नदीकाठच्या माणसानं स्वतःच्या जिल्ह्याचा रंग बघून भागत नाही, वरच्या जिल्ह्यांचा रंग आणि धरणाचा विसर्गही बघावा लागतो.

उजनी कधी भरणार?

सोलापुरात पाऊस बघून हे सांगता येत नाही. उजनीचं आभाळ मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नरात आहे. तिकडच्या घाटमाथ्यावर पडतो, वरची धरणं भरतात, ती भरली की सोडतात. म्हणून जुलै-ऑगस्टात सोलापूरकर हवामानापेक्षा ‘दौंडचा विसर्ग किती?’ (म्हणजे दौंडकडून उजनीत किती पाणी येतंय) एवढंच विचारतो, आणि त्याचं बरोबर आहे.

धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे तळातलं राखीव पाणी. उरलेल्या ५३-५४ टीएमसीवर टक्केवारी निघते. त्यामुळं ‘उजनी मायनसमध्ये’ म्हणजे धरण रिकामं नव्हे, मृतसाठ्याला हात घातला. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. नळाला किती दिवसांनी पाणी येणार, त्याचा अंदाज मात्र मी देत नाही. ते हवामानशास्त्रात बसत नाही.

विमानानं पाऊस पाडता येतो ना? मग पाडा की!

ढग असेल तर थोडा वाढवता येतो. निरभ्र आभाळातून काही निघत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं याचा रीतसर प्रयोग सोलापूर परिसरातच केला, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात. पर्जन्यछायेतला प्रदेश म्हणून आपली निवड झाली. २७६ ढग निवडले, त्यातल्या काहींत मिठासारखे पाणी धरणारे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले, आणि दोन्हींची तुलना केली. शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के वाढ मिळाली, काही जागी ४६ टक्क्यांपर्यंत. दहा मिलिमीटर पडणार होता तिथं पावणेबारा. उपयोगी आहे, पण ऐन दुष्काळात, ढग नसताना ‘विमान पाठवा’ ही मागणी म्हणजे पीठ नसताना भाकरी मोठी थापायला सांगणं.

आमच्या मंडळात ६३ मिलिमीटर नोंद झाली. पीक तर वाहून गेलं. अतिवृष्टी कशी नाही?

इथं माझ्याकडं शास्त्र संपतं. शासनाच्या मदतीसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस हा निकष वापरतात, आणि माप असतं महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचं. केंद्र एका गावात, तुमचं रान आठ किलोमीटरवर. वर विजापूर रोड–होटगी रोडचं लिहिलंय तेच इथं लागू, फक्त इथं त्याची किंमत रुपयांत आहे.

एक लक्षात ठेवा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. पहाटे चार ते दुपारी बारा असा सलग ९० मिलिमीटर पडला तरी तो दोन तारखांत विभागला जाऊन दोन्हीकडं ६५ च्या खाली येऊ शकतो. अर्ज करताना दोन्ही दिवसांचे आकडे मागा. फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि पिकासोबत बांधावरची ओळखीची खूण फोटोत घ्या.

नोव्हेंबरात मुलीचं लग्न आहे, लॉनवर ठरवू का?

ठरवा, आणि वर मंडप घाला. पाच महिने आधी कुणी ‘त्या तारखेला पाऊस नाही’ म्हणाला तर त्याला आहेर देऊ नका.

घरी पर्जन्यमापक बसवायचा आहे. कसा?

साधा प्लास्टिकचा, मापाच्या खुणा असलेला पुरतो. उघड्यावर बसवा. कडुनिंबाखाली नको, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नको. भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. गच्चीवर वाऱ्यानं थोडं कमी भरतं, अंगण असेल तर अंगणातच बरं. माझ्याकडं अंगण नाही. तोंड आडवं सपाट हवं, पाणपातळी लावून बघा. रोज साडेआठलाच मोजा, नऊला नाही. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, आणि एकरावर साधारण चार हजार लिटर, हे एकदा कळलं की ‘नुसता शिडकावा झाला’ म्हणताना जीभ जरा अडते. अडीच मिलिमीटरच्या खाली असेल तर तो ‘पावसाचा दिवस’ धरत नाहीत, पण वहीत लिहाच.

शून्यही लिहायचा. कंटाळा तिथंच येतो, जुलैत सलग अठरा शून्यं लिहिताना. सुट्टीवर जाणार असाल तर शेजाऱ्याला सांगून जा. मी एकदा न सांगता तीन दिवस अक्कलकोटला गेलो होतो. परत आल्यावर मापात ४१ मिलिमीटर होते, कुठल्या दिवशीचे ते अजून माहीत नाही, आणि वहीत त्या तीन रकान्यांना मिळून एक कंस आहे.